सव्वा इंच

रविवारी सकाळी दूध घ्यायला दार उघडलं आणि सलग सात शिंका आल्या. सातवी संपेपर्यंत दूधवाला कॅन हातात धरून ताटकळला होता. "मॅडम, मिरची उतरी गयी," तो म्हणाला. मला नाक नाही असं त्याला वाटलं की काय कोण जाणे.

आमच्या नंदुरबारात थंडी येते ती अशी, नाकातून. गावाबाहेर रस्त्याच्या दोन्ही अंगांना पथाऱ्या पडतात. म्हणजे चोपून टणक केलेल्या उघड्या जमिनीवर ओली लाल मिरची वाळत घालतात, नजर जाईल तिथपर्यंत. बाहेरून आलेले लोक गाड्या थांबवून फोटो काढतात आणि आम्ही नाकाला पदर लावून पुढे जातो. वर्गात पोरं शिंकतात, फळ्याकडे तोंड करून मी शिंकते, प्रमेय अर्ध्यात राहतं. तीस वर्षं गणित शिकवतेय, या हंगामात एखादा तास तरी शिंकांच्या नावानं जातोच.

गेली दोन वर्षं मात्र शिंकेपाठोपाठ मला टायर आठवतात. हसा खुशाल. चोपन्न वर्षांची बाई, मिरचीचा वास आला की तिच्या डोळ्यांसमोर टायरांवरचे आकडे येतात. वेड लागायची पाळी आहे, दुसरं काय!

माझं माहेर कोरीट. नंदुरबारपासून जवळच, तापीच्या काळ्या रानातलं गाव. तिथं माझा थोरला भाऊ शेती करतो. त्याला मी भाऊच म्हणते आणि तो मला इमल म्हणतो. शाळेच्या हजेरीपटावर मी विमल आहे, पण कोरीटच्या शिवारात पाय ठेवला की प्रमाण मराठी चपलांबरोबर बाहेर राहते. मिरची, कापूस, थोडी केळी असं त्याचं रान, आणि रस्त्याच्या कडेला त्याची स्वतःची पथारी. हंगामात तिथं सातपुड्यातून आलेल्या बाया दिवसभर मिरचीचे देठ खुडतात. त्यांच्यावर देखरेख वहिनीची. त्या पथारीला लागून पत्र्याची शेड आहे, आणि शेडमध्ये बारदानाच्या ढिगाखाली बापूंची काँटेसा.

बापू म्हणजे आमचे वडील. मी बी.एड. करत होते त्या वर्षी त्यांनी ती गाडी सुरतेच्या एका व्यापाऱ्याकडून जुनीच आणली. लांबलचक नाक, रुंद छाती, आणि आवाज असा की गल्लीत शिरायच्या आधी कुत्री उठून बसायची. आता तिला पहिलवान गाडी म्हणत तिच्यापायी वेडी झालेली पोरं शहरात असतात म्हणे. तेव्हा गावात तिचं नाव 'बोट' पडलं होतं. "चाला, पाटीलनी बोट उनी," असं म्हणत म्हातारे पारावरून पाय वर घ्यायचे.

त्याच साली आम्ही तिच्यातून तोरणमाळला गेलो. भाऊ तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, गाडी नवी नवी शिकलेला. राणीपूर मागं पडलं, चढ लागला, आणि पहिल्या वळणाच्या तोंडाशी बापू शेजारच्या सीटवर डोळे मिटून घोरायला लागले. खोटं घोरणं, हे मागं बसलेल्या मला आणि आईला लगेच कळलं, कारण खरे बापू शिट्टी वाजवत घोरायचे. पोराच्या चुका आपल्याला दिसू नयेत म्हणून त्यांनी अख्खा घाट झोपेचं सोंग घेतलं. मधेच इंजिन तापलं, वाफा निघाल्या. आईनं प्यायचं पाणी सगळं ओतलं, ते पुरेना. वरच्या पाड्यावरून एक म्हातारी हंडा घेऊन खाली आली. ती तिच्या पावरी बोलीत काय बोलली ते आम्हाला कळलं नाही, पण गाडीकडे बघून ती इतकी हसली की आम्हीही हसायला लागलो. वर पोचल्यावर बापूंनी डोळे उघडले आणि म्हणाले, "उनं का तोरणमाळ? माले तं झोपच लागी गयी." भाऊच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे होतं, ते मी त्याच्या लग्नातसुद्धा पाहिलं नाही. वहिनीला हे सांगू नका.

बापू गेले, आई गेली. गाडी शेडमध्ये गेली. दरवर्षी भाऊ म्हणायचा, एकदा दुरुस्त करू, एकदा वर जाऊ. आणि दरवर्षी ठरलेलं उत्तर त्याचं तोच द्यायचा, "मिरची उठू दे, मंग जाऊत." आमच्याकडे लग्नं, ऑपरेशनं, तीर्थयात्रा, सगळ्याला हेच उत्तर. मिरची उठते, म्हणजे वाळून पोत्यांत जाते, तेव्हा कापसाचे व्यवहार उरकायचे असतात, मग ऊन तापतं, मग पेरणी येते. असं करत पंचवीसेक मिरच्या उठल्या.

दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुमारास भाऊ माझ्याकडे आला. डोळे तपासायला गेला होता. चष्म्याचा नंबर वाढला असेल असं आम्हाला वाटत होतं. काचबिंदू निघाला, तोही पुढे गेलेला. कडेकडेची नजर जात होती, आणि इतक्या हळूहळू गेली की त्याला पत्ताच लागला नाही. डॉक्टरीणबाई भल्या होत्या. थेंब दिले, समजावून सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकवायची. भाऊनं तिथं एकच प्रश्न विचारला, गाडी चालवू का? त्या म्हणाल्या, दिवसा, ओळखीच्या रस्त्यावर, शेजारी जाणतं माणूस बसवून, फार तर होळीपर्यंत. मग मी सांगेन नाही, आणि ते तुम्हाला ऐकावं लागेल.

माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून त्यानं हे सगळं सांगितलं, जेवण झाल्यावर. आधी सांगितलं असतं तर मी जेवले नसते हे त्याला माहीत. मग पाणी प्यायला आणि म्हणाला, "इमल, एकदाव घाट चढानं शे. बोट लईसन. मन्हा हातघाई."

माझ्याच हातानं. त्याला बाकी काही नको होतं. दसरा ते होळी, एवढी मुदत.

आता कुणी म्हणेल, मग अडलं कुठं? अडलं चाकांपाशी. इंजिन आठ दिवसांत सुरू झालं. जुन्या गाड्या मनानं चांगल्या असतात, चार शिव्या आणि नवी बॅटरी दिली की उठतात. पण चाकांच्या रिमा गंजून खलास. एका रिमेला तर बोल्टाच्या भोकापासून बोटभर तडा. तसल्या चौदा इंची रिमा शोधूनही मिळेनात. आमच्या उतावळ्या नवरदेवानं, म्हणजे भाऊनं, मग काय केलं असेल? मला न विचारता शहाद्याला जाऊन एका भंगारवाल्याकडून पंधरा इंची रिमा आणल्या. ॲल्युमिनियमच्या, पाच पाकळ्यांच्या, घासून चकचकीत केलेल्या. बोल्टांची भोकं जुळत होती, एवढं मात्र त्यानं बघितलं होतं. मला फोन केला, "ये वं देखाले. नवरीनं पैंजन लयनू." नवरी म्हणजे बोट.

मी गेले, बघितलं, आणि तिथंच माझ्यातली मास्तरीण जागी झाली. रिम मोठी झाली तर वरचं रबर तेवढंच पातळ हवं, म्हणजे सगळं चाक मिळून पूर्वीएवढंच राहील. नाहीतर ते चाकावरच्या पत्र्याच्या कमानीत घासणार, आणि वेगाचा काटा खोटं बोलणार. हे मला कुणी शिकवलेलं नाही. टायरवर लिहिलेलं वाचलं की कोणालाही कळेल. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा रबराची उंची, पण ती रुंदीच्या शेकडा किती अशी. तिसरा रिमेचा व्यास, तो इंचात! एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच. माझ्या वर्गातल्या पोरानं असं लिहिलं असतं तर मी वही खिडकीबाहेर फेकली असती.

जुन्या टायरवर एकशे पंच्याऐंशी, सत्तर, चौदा असं होतं. मी पथारीच्या कडेला बसून खताच्या पिशवीवर गणित मांडलं. पूर्ण चाकाची उंची आली सहाशे पंधरा मिलिमीटर, घेर एक मीटर त्र्याण्णव. भाऊ उभ्या उभ्या बघत होता. म्हणाला, "थांब. बापूना हिसाब लावूत."

बापूंचा हिशेब म्हणजे बैलगाडीचा. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवायची तर लोहार आधी चाकावर खूण करून ते जमिनीवर एक फेरा लोटायचा, आणि जिथं खूण परत टेकली तिथपर्यंतचं अंतर मोजायचा. भाऊनं टायरवर खडूनं रेघ मारली, खाली जमिनीवर मारली. चार जणांनी गाडी ढकलली. रेघ फिरून खाली आली तिथं परत खूण केली आणि टेप लावला. एक मीटर अठ्ठ्याऐंशी.

"तुन्हं गनित पाच सेंटीमीटर खोटं शे, मास्तरीन," तो म्हणाला, आणि देठ खुडणाऱ्या बायांनी हात थांबवून माझ्याकडे पाहिलं.

मी भांडले. टेप सैल धरला, जमीन उताराची आहे, रेघ जाड मारली, काय काय म्हटलं. परत ढकलली गाडी, परत अठ्ठ्याऐंशी. शेवटी डोक्यात उजेड पडला. गाडीच्या ओझ्यानं टायर खाली थोडा चेपतो, म्हणून चालताना फेरा कमी भरतो. माझं गणित हवेत धरलेल्या चाकाचं होतं आणि त्याचं जमिनीवरच्या. मी हे मोठ्यानं कबूल केलं. भाऊ इतका खूष झाला की वहिनीला चहा ठेवायला सांगून तो स्वतःच चुलीपाशी गेला. तो आठवडा मला फार प्रिय आहे. मी रोज शाळा सुटली की कोरीटची वाट धरत होते. त्याची बाज गाडीशेजारी ओढून आम्ही खडू, दोरी, पुठ्ठे आणि टेप घेऊन कमानीच्या आत मापं घेत होतो. वहिनी म्हणायची, "बहीनभाऊ येडा व्हयी ग्यात."

गणितानं जे माप दिलं ते असं, एकशे पंच्याण्णव, साठ, पंधरा. जुन्या चाकात आणि त्यात अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही. मी कागद घेऊन नंदुरबारला युसूफभाईंच्या टायरच्या दुकानात गेले. त्यांच्या मुलीला मी दहावीला शिकवलंय, त्यामुळे मला खुर्ची मिळाली. माप बघून ते म्हणाले, "मॅडम, हे माप इथं खपत नाही, सुरतेहून मागवावं लागेल. दोन-तीन आठवडे धरा. पण रिम पंधराचीच ना? मग हे घेऊन जा." आणि त्यांनी मोठ्या टॅक्सी गाड्यांना चालतात ते टायर दाखवले. दोनशे पाच, पासष्ट, पंधरा. चार नग, नवेकोरे, समोर रचलेले. "आज टाकतो, उद्या फिरा."

मी तिथंच हिशेब केला. सहाशे साडेसत्तेचाळीस. सव्वा इंचानं मोठं चाक.

"नाही चालायचं," मी म्हणाले.

"मॅडम, सव्वा इंचानं काय होतं? इथं सगळे टाकतात. घासलं तर कमानीची कड जरा आत ठोकून घ्यायची."

"काटा साठ दाखवेल तेव्हा गाडी त्रेसष्टनं पळत असेल, युसूफभाई. आणि घाटात पूर्ण वळण घेतलं की आत घासेल. नाही."

कोरीटला जाऊन भाऊला सांगितलं. तो बाजेवर आडवा होता. म्हणाला, "तू म्हनस तं नही." एवढंच. मला वाटलं, माझा शब्द राखला. मी खूष.

मी माझंच माप सुरतेहून मागवलं, आणि दोन-तीन आठवड्यांचे पाच झाले. तोवर पथारी भरात आली होती. पहाटे दव, दुपारी ऊन, मिरच्यांचा रंग रोज गडद. मग एक दिवस आभाळ भरून आलं. पिकाच्या या दिवसांत ढग दिसला की आमच्याकडे माणसं देवाचं नावसुद्धा दबक्या आवाजात घेतात. मिरची भिजली तर काळी पडते, आणि वर्षाची मेहनत गेली समजा. सगळे धावले. बाया, वहिनी, मी, शेजारचे. मिरची ओढून ढीग करायचे आणि वर ताडपत्र्या घालायच्या. भाऊ ताडपत्रीचं एक टोक धरून मागं मागं चालला होता. डाव्या बाजूला मिरचीचा ढीग होता, गुडघ्याएवढा, लालभडक. तो त्याला दिसला नाही. तो अडखळून त्यातच फतकल मारून पडला.

बाया हसल्या, आपण हसतो तशाच. तोही हसला. मी मात्र हसू शकले नाही. तिथं लहान पोरालाही ढीग दिसला असता. वहिनीनं हात देऊन त्याला उठवलं, पाठ झटकली, आणि माझ्याकडे एकदा बघून ती ताडपत्रीकडे वळली. पाऊस आलाच नाही. नुसती चार थेंबांची चेष्टा करून आभाळ गुजरातेकडे निघून गेलं.

त्याच आठवड्यात टायर आले. मी शाळेतून थेट दुकानात गेले आणि टायरच्या अंगावरचा आकडा वाचला. एकशे पंच्याण्णव, पासष्ट, पंधरा. साठच्या जागी पासष्ट पाठवलं होतं. पाऊण इंच मोठं.

युसूफभाई म्हणाले, "मॅडम, हे तर सव्वा इंच पण नाही. पाऊण. बसवून टाकू. भाऊंना घाई आहे ना?"

हा प्रश्न मी आजवर किती वेळा ऐकला असेन. भाजी चिरताना ऐकते, पेपर तपासताना ऐकते. भाऊंना घाई आहे ना? होती. संक्रांत होऊन गेली होती, तीळगूळ वाटून झाला होता, होळी महिन्या-दीड महिन्यावर आली होती. मिरचीच्या ढिगात पडलेला माझा भाऊ मी चार दिवसांपूर्वी डोळ्यांनी बघितला होता. आणि मी काय केलं? मी टायर परत पाठवले. "माप म्हणजे माप," असं म्हणाले. वर्गात म्हणते त्याच आवाजात.

भाऊला फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे पथारीवरच्या बायांचा गलका चालला होता. तो म्हणाला, "बरं. नीट माप येवू दे." आणि फोन ठेवला.

खरे टायर आले ते होळीच्या आठ दिवस आधी. वरातीमागून घोडं. सातपुड्यातल्या बाया होळीला घरी जायच्या म्हणून गाठोडी बांधत होत्या. होळीला त्या कुणाच्या बापाचं ऐकून थांबत नाहीत, म्हणून आमची मिरचीसुद्धा होळीच्या आधी उठते. पोती भरून रवाना झाली होती, पथारी रिकामी. भाऊनं नवी चाकं चढवली ती स्वतः. बोल्ट त्यानं डोळे मिटून आवळले असते तरी चाललं असतं, हात तयार होते. चाकं कमानीत अशी बसली की मी पुठ्ठा आत घालून बघितला, सगळीकडे सारखी जागा. खडूनं रेघ मारून गाडी ढकलली. एक मीटर अठ्ठ्याऐंशी. मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या. लाज वाटते आता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोरणमाळला निघालो. मी शेजारी, वहिनी मागं, डब्यात कळण्याच्या भाकरी आणि ठेचा. भाऊनं बापूंची जुनी टोपी घातली होती. इंजिन सुरू झालं, तोच आवाज, कुत्रीही उठली. फाटकातून बाहेर पडताना डावीकडचा चुन्यानं रंगवलेला दगडी खांब आहे, जन्मापासून तिथंच आहे. गाडीचा आरसा त्याला लागला आणि मोडून लोंबला.

भाऊनं गाडी थांबवली. हात स्टिअरिंगवरच ठेवून तो समोर बघत राहिला. "खांब व्हता का वं तठे?" त्यानं विचारलं. मी हो म्हणाले. वहिनीनं डबा मांडीवर घट्ट धरला होता. घाटात डावीकडे खांब नसतो, दरी असते.

मग त्यानं गाडी मागं घेतली, फाटकाकडे न जाता वळवली, आणि रिकाम्या पथारीवर घातली. तिथं आदळायला काहीच नव्हतं. वहिनी उतरली. मी बसून राहिले. तो गोल गोल चालवत राहिला, एक फेरा, दुसरा, दहावा. गिअर बदलायचा, परत खाली घ्यायचा, घाटात घ्यावा तसा. एका टोकाला म्हणायचा, "हाई राणीपूर," वळताना म्हणायचा, "हाई पहिलं वळन, आठे बापू झोपना." जमिनीत मुरलेली मिरचीची भुकटी चाकांखालून उठत होती, लाल ढग झाला होता, आम्ही दोघंही शिंकत होतो, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि कशानं गळतंय ते विचारायची गरज कुणालाच नव्हती. तासाभरानं त्यानं गाडी बंद केली. चावी काढली आणि माझ्या हातात दिली. होळीनंतर डॉक्टरीणबाईंना नाही म्हणायची वेळच आली नाही.

त्यानंतर दोन वर्षं मी त्या चाकांबद्दल बोलले नाही. कोणाशी बोलणार? दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी गणित मांडून दाखवलं असतं, आजही बरोबर येईल. पण मला आता माहीत आहे की ते गणित मी कशासाठी मांडत होते. गाडी तयार झाली की तो जाणार होता. गेला की ते शेवटचं जाणं होणार होतं. चाकं येईनात तोवर त्याचे डोळे जायचे थांबले आहेत, असं मी मनातल्या मनात धरून चालले होते. गणित शिकवणारी बाई, आणि असला अडाणीपणा! डोळे कुणासाठी थांबत नाहीत. सव्वा इंचामागं लपून मी माझ्या भावाचा घाट घालवला.

रविवारी त्या सात शिंकांनंतर मी चहासुद्धा न घेता कोरीटला गेले. पथारी परत लालेलाल झाली आहे, बाया आल्या आहेत. भाऊ बाजेवर बसून देठ खुडत होता. देठ खुडायला डोळे लागत नाहीत, बोटं पुरतात. नळीतून बघावं तेवढं समोरचं त्याला अजून दिसतं, कडेचं काही नाही. मी त्याच्या बाजूला बसले आणि सगळं बोलून टाकलं. दुकानातले पहिले टायर बसले असते, भाऊ. कड जरा ठोकली असती तर बसले असते. मला माहीत होतं. तुला संक्रांतीच्या आधीच वर जाता आलं असतं. मी मुद्दाम अडवलं.

तो खुडत राहिला. मला वाटलं, आता चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.

"माले म्हाईत व्हतं," तो म्हणाला.

"काय म्हाईत व्हतं?"

"युसूफभाईना टायर. तू नही म्हनीसन उनी ना, दुसरा दिन तू शाळामा व्हती. मी दुकानमा गवू. दोरी लाईसन मोजी उनू, घर ईसन कमानमा धरीसन देखं. बसतं. जरासं घासतं, पन बसतं."

मी त्याच्याकडे वळले. "मंग बोलना काबर नही?"

त्यानं हातातली मिरची बाजूला ठेवली. समोर बघत होता, डोंगराच्या बाजूला. कोरीटवरून सातपुडा नुसता निळा पट्टा दिसतो, तोही हवा स्वच्छ असेल तर. त्याला दिसत होता की नाही, मी विचारलं नाही.

"घाट चढनू असतू तं उतरनं भी पडतं ना वं," तो म्हणाला. "खाले येवावर मंग काय? मंग सरनंच ना सगळं. आते कसं, सकायमा उठस तं वाटस, आजून जावानं बाकी शे."

मी मान हलवली. मग ध्यानात आलं, मी त्याच्या डाव्या अंगाला बसले होते, त्याला ते दिसलं नसणार.

म्हणून मोठ्यानं म्हणाले, "हां भाऊ. बाकी शे."